दांडा आधी की चिखल आधी: फोर बाय फोर गाडी नीट वापरायची रीत

माझी सासुरवाडी वाळवा तालुक्यात. डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंत जेमतेम ४०० मीटरची पाणंद, दोन्ही अंगाला डोक्याएवढा ऊस. जुलैचा महिना होता आणि आदल्या रात्री पाऊस झोडपून गेला होता. गाडी फोर बाय फोर असल्यामुळं मी निवांत आत घातली. निम्म्यात मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला, तशी ती आणखी खाली गेली आणि मागचा एक्सल चिखलावर टेकला. तेव्हा कुठं मला गिअरशेजारच्या, पुढची चाकं जोडणाऱ्या दुसऱ्या दांड्याची आठवण झाली. दांडा टाकला, मीटरमध्ये दिवा लागला, पुढची चाकंही फिरली. पण गाडी पोटावर बसली होती, चाकं नुसती चिखल घुसळत होती. ट्रॅक्टर घेऊन आलेले मेहुण्यांचे शेजारी साखळी अडकवता अडकवता म्हणाले, "पाव्हणं, दांडा टाकायला मुहूर्त लागतो काय?"

फोर बाय फोर अडकायच्या आधी लावायचं असतं, हे मला त्या साखळीला बांधून घेतल्यावर कळलं. तेव्हापासून सातारा-सांगलीच्या पाणंदी, ओढे आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जे शिकलो ते इथं क्रमानं सांगतो. ज्यांनी नुकतीच थार किंवा जिमनी घेतली आहे आणि तो दुसरा दांडा अजून शोभेलाच ठेवलाय, त्यांच्यासाठी हे आहे.

आपल्या गाडीत नेमकं काय आहे

पहिलं काम म्हणजे गाडी खरंच फोर बाय फोर आहे का ते बघणं. हसू नका. २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. सेकंडहँड घेताना गाडीखाली वाकून बघावं. पुढच्या एक्सलच्या मध्ये वाटीसारखा फुगीर भाग आणि त्याला मागून येऊन जोडलेला प्रॉपेलर शाफ्ट दिसला तर समजायचं, पुढच्या चाकांना ताकद जाते.

दुसरं, फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह या दोन वेगळ्या गोष्टी. ऑल व्हील ड्राइव्हच्या गाडीत कुठल्या चाकाला किती ताकद द्यायची हे गाडीच ठरवते, आणि बहुतेक वेळा तिच्यात लो गिअर, म्हणजे वेग घटवून ताकद वाढवणारा जादा गिअर, नसतो. ओल्या घाटात ती चांगली, पण नांगरटीत घालायची नाही. थार, जिमनी, गुरखा आणि जुन्या जिप्सी-जीपा यांचा प्रकार म्हणजे पार्ट टाइम फोर बाय फोर. एरवी मागची चाकं गाडी ढकलतात, आणि आपण सांगू तेव्हाच पुढची कामाला लागतात. या लेखात त्याच गाड्यांचं सांगतो.

आतली रचना समजायला सोपी आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक शाफ्ट मागं जातो आणि एक पुढं. टू एचमध्ये, म्हणजे एरवीच्या मागच्या चाकांच्या चालीत, पुढचा शाफ्ट सुटा असतो. फोर एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात आणि अगदी सारख्या वेगानं फिरतात. वेग आणि गिअर नेहमीचेच राहतात, फक्त ओढणारी चाकं वाढतात. फोर एलमध्ये, म्हणजेच लोमध्ये, त्यावर आणखी एक गिअर चढतो. गाडीचा वेग घटतो आणि चाकावरची ताकद वाढते. थारमध्ये सुमारे अडीच पट, जिमनीत साधारण दुप्पट. मधला एन म्हणजे ट्रान्सफर केसचा न्यूट्रल. तो गाडी ओढून नेण्यासाठी असतो आणि त्याचा एक धोका लक्षात ठेवा: दांडा एनवर असेल तर मुख्य गिअर पहिल्यात असो नाहीतर ऑटोमॅटिक पी वर असो, गाडी उतारावरून गडगडू शकते. उतारावर दांडा हलवायचा तर हँडब्रेक आधी ओढा, पाय ब्रेकवर ठेवा.

आता एक गोष्ट विकणारा सांगत नाही. प्रत्येक एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल असतं. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरावं म्हणून ते लागतं, पण चिखलात तेच आड येतं. ज्या चाकाला पकड नाही ते भिंगरीसारखं फिरतं आणि पकड असलेलं चाक ढिम्म बसतं. म्हणून साधी फोर बाय फोर गाडी खड्ड्यात तिरकी टांगली, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं, की तिथंच थांबते. गुरखाला यासाठी पुढं-मागं दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक आहेत, ते एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधतात. हल्लीच्या थार-जिमनीसारख्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसरीकडं वळवतात. या यंत्रणेला काम करायला दोन-तीन सेकंद द्यावे लागतात. चाक फिरतंय, कुठंतरी कर्रकर्र आवाज येतोय, तेव्हा घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका आणि पूर्ण दाबूही नका. पाय आहे तिथं स्थिर ठेवा.

दांडा टाकण्याची रीत

शिकायला कोरडा डांबरी रस्ता अजिबात नको. माण-खटावकडचा मुरमाड माळ यासाठी उत्तम: जमीन घट्ट, वर खडी सैल, चूक झाली तरी गाडी रुतत नाही. तिकडं कुणी ओळखीचं नसेल तर मालकाला विचारून एखादं पडीक रान बघा.

गाडी जुनी असेल तर आधी खाली उतरा. जिप्सीसारख्या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध फिरवायचे हब असतात, त्यांवर फ्री आणि लॉक लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंचे हब लॉकवर आणा. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर पुढचा एक्सल असून नसल्यासारखा. आणि हब फ्री ठेवून लो टाकलं, तर वाढलेली सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर येते. मागचा शाफ्ट तुटायला एवढं पुरतं. नव्या गाड्यांत हे काम आपोआप होतं.

टू एचमधून फोर एच चालत्या गाडीत टाकता येतं. किती वेगापर्यंत, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मी स्वतः ३० च्या पुढं टाकत नाही. स्टिअरिंग सरळ करा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. दांडा एका ओढीत, न झटकता मागं घ्या. मीटरमधला दिवा लुकलुकत असेल तर दात अजून बसलेले नाहीत. तसंच सरळ चार-पाच मीटर जाऊ द्या, दिवा स्थिर झाला की झालं. मागची चाकं जोरात फिरत असताना मात्र दांडा कधीही टाकू नका. मागचा शाफ्ट गरगरतोय, पुढचा उभा आहे, आणि आपण दोघांना एकदम बांधतोय. कर्कश आवाज येतो आणि पुढचं बिल गॅरेजमध्ये कळतं. चाकं फिरायला लागलीच असतील तर पाय काढा, ती थांबू द्या, मग दांडा.

फोर एचमधून फोर एलला जाताना गाडी पूर्ण थांबवा. ब्रेक दाबा, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबून गिअर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर एन. मग दांडा एन ओलांडून लोमध्ये, मध्ये न रेंगाळता. कधीकधी दातावर दात येतो आणि दांडा बसत नाही. तेव्हा ठोसे मारायचे नाहीत. दांडा परत फोर एचला घ्या, गाडी हातभर पुढं सरकवा, थांबवा, पुन्हा प्रयत्न करा. बटणाच्या किंवा गोल खटक्याच्या गाड्यांतही रीत हीच. फक्त हाताऐवजी मोटर दात बसवते, त्यामुळं तिला थोडा वेळ द्या आणि दिवा स्थिर होईपर्यंत हलू नका.

लोमधून परत हायला येतानाही गाडी थांबवूनच. लो टाकून २०-२५ च्या वर जाण्यात अर्थ नाही. इंजिन बोंबलतं आणि गाडी पुढं जात नाही. गुरखासारख्या गाडीत लॉक लावायचे तर लो बसल्यावर आधी मागचा, अगदीच गरज पडली तर पुढचा, तेही चाकं सरळ आणि गाडी उभी असताना. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग वळायला नकार देतं, त्यामुळं अवघड टप्पा संपला की तो लगेच काढायचा.

कुठं काय लावायचं, याचं माझं गणित ढोबळ आहे. रस्ता निसरडा आहे पण वेग ठेवता येतो, म्हणजे ओला मुरूम, शेतातली वाट, पावसात धुपलेला कच्चा रस्ता, तिथं फोर एच. माणसाच्या चालीनं जावं लागणार, म्हणजे मोठे दगड, खडा चढ-उतार, ओढ्याचं पात्र, खोल चिखल, तिथं लो. दोन्हींपैकी काय, असा प्रश्न पडला तर बहुधा उत्तर लो असतं. लोकांना लो म्हणजे शेवटचा उपाय वाटतो. उलट लोमध्ये क्लच जळत नाही आणि गाडी हळू चालते, म्हणून दगडावर आपटत नाही.

डांबरावर बसणारा पीळ

एकदा बामणोलीहून साताऱ्याला परत येत होतो. शिवसागराच्या काठचा कच्चा तुकडा संपला, कासचा रस्ता लागला, आणि फोर एच तसंच राहिलं. पाऊस उघडला होता, डांबर वाळलेलं. यवतेश्वरच्या घाटात स्टिअरिंग जड झालं. वळणावर गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडायची, मग एकदम उडी मारल्यासारखी सुटायची. मला वाटलं पंक्चर. थांबून बघितलं तर टायर चारही ठीक. दांडा टू एचला ओढला, तर तो जाम.

घडलं होतं ते असं. वळणावर पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात, मागची लहान गोलातून. म्हणजे पुढच्या शाफ्टला जास्त फेरे हवेत. पण फोर एचमध्ये दोघे एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो फरक शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत पीळ होऊन साठतो, दोरीला पीळ द्यावा तसा. त्याच पिळानं दांडा आवळला जातो. फार झालं तर शाफ्टचा क्रॉस, चेन किंवा दात तुटतो.

पीळ काढायचा उपाय सोपा आहे. स्टिअरिंग सरळ करून गाडी आठ-दहा मीटर रिव्हर्स घ्या, मग दांडा हलक्या हातानं ओढा. नाही निघाला तर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मातीवर घालून पुन्हा थोडं मागं-पुढं करा. माझा दुसऱ्या झटक्यात निघाला. त्या दिवसापासून डांबर लागलं की आधी दांडा, मग गाणी.

हाच पीळ टायरमुळंही बसतो. माझी पहिली गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा विकणाऱ्यानं मागं दोन नवीन टायर टाकून दिले होते, पुढचे निम्मे झिजलेले. मी खूश. पण झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्याला तेच अंतर कापायला जास्त फेरे लागतात, आणि फोर एचमध्ये सरळ रस्त्यावरही पीळ साठत राहतो. चारही टायर एका मापाचे, एका बनावटीचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती बसवून फोर बाय फोर लावू नका.

आणि एक. फोर एच टाकलं म्हणून ब्रेक वाढत नाहीत. ब्रेक टू एचमध्येही चारही चाकांना लागतात. पावसात दांडा टाकून घाट उतरताना आपल्याला पकड आहे असं वाटतं आणि वेग वाढतो, तिथं घात होतो.

काळं रान, लाल वाट

सांगलीकडची काळी माती ही खरी परीक्षा. कोरडी असताना दगड, आणि पाऊस पडला की साबण. ती टायरच्या खाचांत भरते आणि तिथंच राहते, मग कितीही महागडा टायर असो, दहा मीटरनंतर तो गुळगुळीत गोळा होतो. या रानात शिरायच्या आधी दांडा टाकायचा, आत शिरल्यावर थांबायचं नाही. मी लोमध्ये दुसरा गिअर लावतो. पहिल्यात ताकद इतकी असते की चाक लगेच सुटतं. पाय स्थिर, वेग चालत्या माणसापेक्षा थोडा जास्त, आणि खाचांतली माती उडून जाईल एवढीच चाकाची फिरत. ईएसपीचं, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून तिला आवरणाऱ्या यंत्रणेचं, बटण असेल तर चिखलात ते बंद करा, नाहीतर चाक घसरलं की गाडी स्वतःच इंजिनाचा दम काढून घेते आणि ऐन वेळी थांबते. बऱ्याच गाड्यांत लो टाकलं की ते आपोआप बंद होतं.

चाकोरी खोल असेल तर फसगत होते. ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी रुळावरच्या रेल्वेसारखी जाते, स्टिअरिंग कुठंही फिरवा. चाकं डावीकडं वळलेली आहेत हे आपल्या लक्षात येत नाही, आणि चाकोरी उथळ झाली की गाडी उसळून थेट उसात. खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक बघत राहा. गाडी मंदावायला लागली तर स्टिअरिंग पाव-पाव फेरा डावीकडं-उजवीकडं हलवा. टायरच्या कडेचे दात चाकोरीच्या भिंतीला लागतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं गाडी निघते. चाकोरी एक्सलला टेकेल एवढी खोल असेल, तर एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी बांधाकडच्या कडेवर घ्या.

हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि आपल्याकडं तो कुणी करत नाही. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असलेली हवा चिखलात १८ ते २० वर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो. १५ च्या खाली मात्र नको, वळताना टायर रिममधून निसटतो. हवा कमी असताना वेग ३० च्या आत, आणि डांबर लागण्याआधी परत भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवाच.

साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-जावळीकडं, चित्र वेगळं. लाल मातीला काळीइतकी ओढ नसते, पण जांभ्याच्या कातळावर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि त्यावर टायर बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. तिथं फोर एल, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही, आणि दगड चाकाखाली घ्यायचा, दोन चाकांच्या मध्ये नाही. मध्ये घेतलेला दगड डिफरन्शियलच्या वाटीला लागतो, कारण गाडीचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग तोच.

याच भागाबद्दल स्पष्टच लिहितो: गाडी जाते म्हणून घालायची नाही. कासचं पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथल्या कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे, की एकदा उमटलेली चाकोरी पुढची कित्येक वर्षं फुलं उगवू देत नाही. कोयना-चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. या ठिकाणी वाट सोडून गाडी नेणं गुन्हा आहे, आणि तो नसता तरी मी तुमच्यासोबत आलो नसतो.

चढ आणि उतार

चढ आधी पायी चढून बघा. पलीकडं काय आहे ते बॉनेट वर गेल्यावर दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. लो आणि योग्य गिअर खालीच लावा, मध्ये गिअर बदलायचा नाही. मुरमाड लांब चढाला लोमध्ये दुसरा किंवा तिसरा, दगडी खड्या चढाला पहिला. चढ सरळ घ्यायचा, तिरका कधीही नाही. तिरक्या गाडीचं एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की ती कलंडते.

निम्म्यात दम तुटला आणि इंजिन बंद पडलं, तर पुढचे दहा सेकंद महत्त्वाचे. पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक वर. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत दोन-तीन दाबांपुरतीच मिळते, त्यामुळं ब्रेक सारखा सोडून-दाबून बघू नका. क्लच दाबून रिव्हर्स टाका, लो आहेच, इंजिन सुरू करा, हँडब्रेक काढा, मग क्लच आणि ब्रेक सोबतच हळूहळू पूर्ण सोडा. गाडी इंजिनाच्या आधारानं स्वतः मागं उतरते. नजर आरशात, स्टिअरिंग सरळ. वळवून तोंड फिरवायचा मोह होईल, तो आवरा. गाड्या तिथंच उलटतात.

उताराला लो, पहिला गिअर, आणि दोन्ही पाय मोकळे. पहिल्यांदा जीव वर-खाली होतो, कारण पाय आपोआप क्लचकडं जातो. क्लच दाबला की इंजिनाचा आधार गेला, गाडी सुटली. फार वेग वाटला तर ब्रेक हलका लावा, चाक जाम होईल इतका नाही. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवा. मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला तर ब्रेक सोडून किंचित ॲक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. हे वाचून पटत नाही, माळावर छोट्या उतारावर दोनदा करून बघा.

ओढा आणि फरशी

वाहत्या पाण्यात मी गाडी घालत नाही, एवढंच खरं तर लिहून थांबावं. फूटभर वेगवान पाणी छोटी गाडी सरकवतं, दोन फूट असेल तर जडशीळ जीपही उचलतं. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर खाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. सांगलीकडं आणखी एक भानगड. कृष्णा चढली की ओढ्यांना उलटं पाणी येतं. आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडं निघाली, की नदीकाठच्या पाणंदी सोडून द्या. जाताना कोरडी असलेली वाट परतीला तळं झालेली असते. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

संथ, तळ दिसणारं पाणी असेल तर काठी घेऊन आधी चालत जा. थारला कंपनी ६५० मिलिमीटर आणि गुरखाला ७०० मिलिमीटर पाणी चालतं म्हणते. माझी मर्यादा गुडघा. फोर एल पाण्यात शिरण्याआधी, गिअर पहिला किंवा दुसरा. शिरताना हळू, मग एकसारखा वेग, बॉनेटपुढं छोटी लाट तयार होईल एवढा. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनची दांडीच वाकते. ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. पलीकडं पोचल्यावर हलका ब्रेक लावत थोडं चाला, म्हणजे ब्रेक सुकतात.

रुतलीच तर

चाकं फिरूनही गाडी हलत नाही हे कळल्याबरोबर थांबा. दर सेकंदाला ती आणखी खाली जाते. उतरून बघा: पोट टेकलंय का? टेकलं असेल तर इंजिनाचा काही उपयोग नाही, फावडं काढा. एक्सलखालची आणि चाकांपुढची माती काढा, हवा आणखी थोडी कमी करा, आणि चाकाखाली काहीतरी खरखरीत घाला. आपल्याकडं यासाठी उसाच्या पाचटासारखी चीज नाही. दोन कवळ्या पाचट प्रत्येक चाकापुढं तुडवून बसवलं, की नव्वद टक्के वेळा गाडी पहिल्या प्रयत्नात निघते. खताची रिकामी पोती चाकाला गुंडाळली जातात आणि उडून मागच्याला लागतात, ती टाळा. मग लोमध्ये, शक्यतो आलो त्याच चाकोरीनं मागं. पुढं जायचा हट्ट बहुतेक वेळा महागात पडतो.

ट्रॅक्टर आला तर साखळी चासीच्या हुकालाच. बंपर, टाय रॉड, स्प्रिंगचा पट्टा यांना बांधली की गाडी निघते पण तुकड्यांत. साखळी आधी ताणून घ्या, मग ओढा. झटका देऊन ओढू नका, कारण साखळीला लवचिकपणा नसतो. आणि बघ्यांना लांब करा, साखळीच्या लांबीच्या दीडपट तरी. तुटलेली साखळी गोफणीतल्या दगडासारखी येते. पोरं जवळ उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत असतात, त्यांना दरडावायला लाजू नका.

घरी आल्यावर

गाडी आतून पुसायच्या आधी खालून धुवा. एक्सल, शाफ्टचे क्रॉस, रेडिएटरपुढची जाळी. क्रॉसला ग्रीसचे निपल असतील तर पावसाळ्यात दर महिन्याला ग्रीस मारा. पाण्यातून आलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचं तेल एकदा तपासा. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की हवेच्या नळीतून पाणी ओढून घेतं, आणि मग तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. तसं दिसलं तर लगेच बदला.

गाडी वर्षभर डांबरावरच असेल तर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं फोर एच लावून सरळ फिरवा, लोही एकदा टाकून बघा. तेल सगळीकडं पोचतं, दांडा गंजत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पुणे-बंगळूर हायवेला ८० वर स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर अलाइनमेंटवाल्याकडं पळू नका. रिमच्या आतल्या बाजूला पाणंदीची काळी माती वाळून बसलेली असते, एका चाकात अर्धा किलोही असू शकते. चाकं आतून धुतली की थरथर जाते. मी यासाठी एकदा अलाइनमेंटचे पैसे भरलेत.